सहा महिने खांद्यावर

मांगी-तुंगी ह्या जैन तीर्थाच्या डोंगरावर, मांगीच्या गुहेत आई एक वाक्य बोलली आणि ते अजून माझ्या डोक्यातनं जात नाहीये. बोलली म्हणजे कुणाला उद्देशून वगैरे नाही, स्वतःशीच, रुमालात बांधून आणलेले तांदूळ सोडता सोडता. समोर बलभद्रांची, म्हणजे कृष्णाच्या थोरल्या भावाची, बलरामाची मूर्ती होती. मांगी-तुंगीला जाऊन आलेल्यांना माहितीच आहे की ही मूर्ती पाठमोरी आहे, मुनी डोंगराकडं तोंड करून तपाला बसलेत आणि आपल्याला दिसते ती नुसती पाठ. लोक येतात, त्या पाठीला हात जोडतात, अर्घ्य चढवतात आणि पुढं सरकतात, कारण मागं माणसं खोळंबलेली असतात आणि अजून तुंगी व्हायची असते. आई मात्र थांबली. बघत राहिली आणि मग म्हणाली, "सहा महिने खांद्यावरनं खाली ठेवलं नाहीस, आणि मग एकदम सगळ्या जगाकडं पाठ. मधलं काही जमलंच नाही का रे बाबा तुला?"

मी दचकून आजूबाजूला बघितलं. आमच्या आईनं आयुष्यात कुठल्या महाराजांना उलट प्रश्न विचारलेला नाही, आणि इथं थेट बलभद्रांना अरेतुरे. मागं उभ्या असलेल्या गुजराती काकूंना मराठी कळलं नसावं, त्या आपल्या णमोकार मंत्र म्हणत होत्या. आईनं तांदळाचा पुंज ठेवला, त्यावर घरचा एक बदाम आणि लवंग ठेवली आणि काही झालंच नाही अशा थाटात बाहेर पडली. बाहेर एक माकड वाटच बघत होतं. ह्या डोंगरावरच्या माकडांना अष्टद्रव्यातलं, म्हणजे पूजेच्या आठ वस्तूंतलं, तांदूळ कुठलं आणि बदाम कुठलं हे आपल्यापेक्षा चांगलं कळतं.

मागच्या थंडीत गेलो होतो आम्ही. आईची ही इच्छा फार जुनी. आम्ही सांगलीकडचे, शेतकरी जैन, आमच्याकडं मंदिराला बस्ती म्हणतात, आणि वर्षाकाठी कुंभोजच्या बाहुबलीला नाहीतर कुंथलगिरीला एक चक्कर ठरलेली. झारखंडातलं शिखरजी एकदा झालं, श्रवणबेळगोळ महामस्तकाभिषेकाला झालं, पण मांगी-तुंगी राहून गेलेलं. खरं तर ते आपल्याच राज्यात, नाशिक जिल्ह्यात, बागलाणात, पण सांगलीकरांना ते शिखरजीहून लांब वाटतं. निर्वाणकांड, म्हणजे मोक्षाच्या जागांना वंदन करायचं स्तोत्र, म्हणताना मात्र आई लहानपणापासून तुंगीगिरीला वंदन करत आलेली, राम, हनुमान, सुग्रीव, नील, महानील आणि नव्याण्णव कोटी मुनी इथनं मोक्षाला गेले म्हणून. नव्याण्णव कोटी! लहान असताना मी आज्जीला विचारायचे की एवढी माणसं त्या डोंगरावर मावली कशी, तर आज्जी म्हणायची, एकदम कशाला जातील, एकेक करून गेली.

सटाणा मागं पडलं की मोसम खोऱ्यात दोन्ही बाजूला डाळिंबाच्या बागा आणि कांदा, नुसता कांदा. काही ठिकाणी लागण चाललेली, बायका ओळीनं वाकलेल्या, आणि गाडीच्या खिडकीतनं तो हिरवट उग्र वास आत येत होता. आईनं सगळ्या बागा बारकाईनं बघितल्या, ड्रीप कुठलं आहे, खोडाला काय लावलंय, माती कसली आहे, हे तिचं देवदर्शन तिथंच सुरू झालं होतं. मग ताहाराबाद, मग भिलवाड, आणि मग एकदम ते दोन सुळके. फोटोत पाहिलेले होते तरी. संध्याकाळची वेळ, उजेड मागून येत होता म्हणून कडे काळेकुट्ट दिसत होते. धर्मशाळेत पोचलो तर भोजनशाळा बंद व्हायला आलेली, कारण सूर्य बुडायच्या आत जेवण. पळत जाऊन ताटावर बसलो. आणि गंमत अशी की सगळ्या तालुक्यात कांद्याचा वास आणि ह्या एका आवारात कांद्याचं नाव नाही, बटाटा नाही, लसूण नाही, मुगाची डाळ, कच्च्या केळ्याची भाजी आणि गरम फुलके. वाढणारा पोरगा गावातलाच होता. त्याच्या घरी किती कांदा लावलाय हे आईनं त्याच्याकडनं वाढता वाढता काढून घेतलंच.

खरा वाद रात्री झाला. डोली.

आईचे गुडघे गेलेत. साडेतीन हजारांच्या आसपास पायऱ्या, त्यात मांगी आणि तुंगी असे दोन सुळके, मधे उतरायचं आणि परत चढायचं. डॉक्टरांनी जिना सुद्धा एकावेळी एकच मजला सांगितलाय. पण डोलीत बसायला ती तयार नाही. "माणसाच्या खांद्यावर बसून देवाला जायचं? त्यापरीस खालनंच नमस्कार करते." मी म्हटलं, आई, शांतिसागर महाराजांची गोष्ट तूच सांगतेस ना आम्हाला. हे आमचे दिगंबर जैन आचार्य. आमच्या भागात ही गोष्ट माहीत नाही असं घर नाही. महाराज संसारात होते तेव्हा, भोजगावचे सातगौडा पाटील होते तेव्हा, अंगानं इतके दणकट की दूधगंगा-वेदगंगेच्या पाण्यातनं एका मुनींना खांद्यावर घेऊन पलीकडं सोडायचे, आणि शिखरजीला गेले तर डोंगर चढवत नसलेल्या एका म्हातारीला पाठीवर घेऊन त्यांनी वंदना करवली. "ती म्हातारी बसलीच की पाठीवर," मी म्हटलं. आई म्हणाली, "त्यांनी पुण्यासाठी उचललं. ही माणसं पोटासाठी उचलतात." ह्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. उत्तर सकाळी डोलीवाल्यानंच दिलं. तो म्हणाला, "माय, तू नाही बसली तर दुसरं कोण बसंल? आज गर्दी नाहीये."

बसली मग.

पहाटे पाचला निघालो. अंधारात पायऱ्यांवर बॅटऱ्यांचे ठिपके वर वर जात होते, पांढऱ्या धोतरातली माणसं उपाशीपोटी भराभर चढत होती, काठ्यांचा टक टक आवाज आणि मधेच कुणीतरी ओरडायचं आदिनाथ भगवान की, आणि खालनं वरनं जय. थंडी मरणाची होती आणि वीसेक मिनिटांत स्वेटर काढावासा वाटला. डोलीला दोघं पुढं दोघं मागं. मी शेजारनं चढत होते आणि मला आधी ऐकू आला तो श्वास. चौघांचा श्वास हळूहळू एकाच तालात येतो, पाय सुद्धा एकाच वेळी पडतात, आणि कुणाचा ताल चुकला की बांबू करकरतो आणि पुढचा म्हातारा न वळता म्हणतो, माय, हालू नको. आई हललेलीच नसायची. ती दोन्ही हातांनी दोरी धरून, डोळे मिटून, निर्वाणकांड म्हणत होती, आणि मला वाटतं त्यातला निम्मा भाग भक्ती आणि निम्मा भाग संकोच होता. डोळे उघडले तर समोर त्या म्हाताऱ्याची पाठ. बनियन घामानं चिकटलेलं, मानेच्या खाली खांद्यावर लिंबाएवढी गाठ झालेली, बांबू बरोबर तिच्यावर बसतो.

एका वळणावर त्यांनी डोली खाली ठेवली. मी म्हटलं, इथं का, अजून थोडं वर सपाटी दिसतेय. तर म्हातारा बिडी काढत म्हणाला, "खाली ठेवायच्या जागा ठरलेल्या असत्यात. आमच्या बापाच्या वक्तापासून. दुसरीकडं कुठं ठेवलं की उचलाया जड जातं." मग खांदे बदलले, डावीकडचा उजवीकडं गेला, आईनं पिशवीतनं राजगिऱ्याचे लाडू काढून चौघांना दिले. स्वतः खाल्लं नाही, दर्शनाआधी पाणी सुद्धा नाही. पावसाळ्यात शेती, थोडा भात, मका, नागली, बाकी वर्षभर डोली, असं त्यांचं चालतं. वरती किती वेळा गेलाय असं मी विचारलं तर तो नुसता हसला. दर्शन घेता का विचारलं तर म्हणाला, खालनंच घेतो, वर गेल्यावर पाणी प्यायची घाई असती.

बलभद्रांची गोष्ट मला आज्जीनं सांगितलेली. आपल्याकडं रामकृष्णांच्या गोष्टी सगळ्यांना येतात पण जैन घरात त्या थोड्या वेगळ्या येतात, आणि शाळेत गेल्यावर पोरांशी भांडणं होतात. आमच्याकडं रावणाला राम मारत नाही, लक्ष्मण मारतो. बलभद्र म्हणजे जैन पुराणातल्या भावांच्या नऊ जोड्यांतला थोरला. राम आठवा बलभद्र, त्याच्या हातनं हिंसा नाही. मग एकदा दोन देव ह्या भावांचं प्रेम किती खरं ते बघायला येतात आणि लक्ष्मणाला खोटंच सांगतात की राम गेला, आणि लक्ष्मण बसल्या जागी प्राण सोडतो. राम ते मानतच नाही. तो लक्ष्मणाला न्हाऊ घालतो, भरवायला बघतो, खांद्यावर घेऊन फिरतो, सहा महिने. शेवटी देवच येऊन त्याच्यासमोर वाळलेल्या झाडाला पाणी घालायला लागतात, घाण्यात वाळू टाकून तेल काढायला लागतात, राम त्यांना वेडे म्हणतो, आणि मग त्याच्या डोक्यात उजेड पडतो. आज्जी हे सांगताना वाळूच्या घाण्याशी फार रेंगाळायची, आमच्याकडं शेंगांचा घाणा होता त्यामुळं असेल.

आणि त्याच्यानंतरचा नववा बलभद्र म्हणजे बलराम. द्वारका जळून गेलेली, दोघंच भाऊ जंगलातनं चाललेले, कृष्णाला तहान लागते, बलराम पाणी आणायला जातो. तेवढ्यात जरत्कुमाराचा बाण. जरत्कुमार सुद्धा भाऊच, सावत्र, आपल्या हातनं कृष्ण मरणार हे भविष्य ऐकून तो आधीच जंगलात येऊन राहिलेला, की आपण लांब असलो म्हणजे ते टळेल. बलराम पाणी घेऊन येतो तेव्हा सगळं संपलेलं. पण तो पाणी पाजायला बघतो. उठ म्हणतो. रागावतो. मग उचलतो. परत तेच सहा महिने. आणि शेवटी ज्या डोंगरावर त्यानं तो देह खाली ठेवला, अग्नी दिला, तो हा, तुंगीगिरी. दोन सुळक्यांच्या मधल्या वाटेवर ती दहनाची जागा दाखवतात. म्हणजे भावाचं प्रेत खांद्यावर घेऊन फिरलेले दोन्ही बलभद्र ह्याच एका डोंगराला येऊन पोचले, एक इथनं मोक्षाला गेला आणि दुसरा इथं तपाला बसला. इतक्या वेळा ऐकलेल्या गोष्टी, पण त्या दोन्ही एकाच जागच्या आहेत हे मला तिथं पायऱ्यांवर धापा टाकत बसल्यावर पहिल्यांदा जाणवलं.

पाठीची गोष्ट त्यानंतरची. बलराम दीक्षा घेतो आणि पारण्याला, म्हणजे आहारासाठी, गावाकडं निघतो. रूप असं की बघणारा बघतच राहावा. विहिरीवर एक बाई पाणी शेंदायला आलेली, काखेत लेकरू, तिची नजर ह्या मुनीवर खिळते आणि घागरीच्या गळ्याला बांधायचा दोर ती लेकराच्या गळ्यात बांधते. मुनी ते बघतात. आणि तिथनंच मागं फिरतात, ह्यापुढं वस्तीत यायचं नाही, आणि कुणाला तोंड दिसणार नाही असं बसायचं. मला ही गोष्ट कॉलेजात असताना फार आवडायची आणि त्याचं कारण सरळ होतं, आपल्याकडं अशा गोष्टीत शेवटी बाईला बोल लागतो, तिनं नजर खाली का ठेवली नाही म्हणून, आणि इथं त्या माणसानं तिला एक शब्द न बोलता स्वतःचं तोंड फिरवलं. मी हे वादस्पर्धेत सुद्धा वापरलंय. आईला हे ऐकवलं होतं तेव्हा ती म्हणालेली, ते खरं गं, पण त्या बाईला नंतर काय वाटलं असेल. लेकरू वाचलं, पण आपण काय करायला निघालो होतो हे तिला जन्मभर आठवणारच की. तिला कुणीतरी सांगायला पाहिजे होतं की होतं असं, जा घरी.

आता मावशीबद्दल लिहावं की नको असं बराच वेळ वाटत होतं. पण तिच्याशिवाय आईच्या त्या वाक्याला काही अर्थ लागत नाही.

माझी धाकटी मावशी आर्यिका आहे, म्हणजे दिगंबर जैन साध्वी. आईच्यात आणि तिच्यात बरंच अंतर, आईनंच तिला अंगाखांद्यावर वाढवलं, तिच्या वेण्या आईच घालायची. लांबसडक केस, शिकेकाई, रविवारी दुपारी अंगणात पाठमोरं बसवून कंगवा, असं आई अजून सांगते. दीक्षेच्या दिवशी मांडवात हजारो माणसं होती, आदल्या दिवशी तिला शालू नेसवून, दागिने घालून मिरवणूक काढलेली, बँड होता, गावजेवण होतं. मी लहान होते, मला ते लग्नच वाटत होतं. आणि मग केशलोच. हाताला राख लावून केस उपटतात, कात्री नाही, वस्तरा नाही. लोक जयजयकार करत होते. ज्या केसांना आईनं इतकी वर्षं तेल लावलं ते केस मूठ मूठ निघत होते आणि आई पहिल्या रांगेत बसून जय म्हणत होती, मी तिच्या मांडीवर होते आणि तिचं पोट आतनं थरथरत होतं. तो थरथराट मला अजून आठवतो. अभिमान होता का दुःख होतं हे तिला मी कधीच विचारलेलं नाही, आणि तिनं दोन्हीतलं एक उत्तर दिलं असतं तरी मला ते पटलं नसतं.

त्यानंतर मावशी मावशी राहिली नाही. नाव बदललं, एक पांढरी साडी, मोरपिसांची पिंछी, कमंडलू, अनवाणी पायी विहार, दिवसातनं एकदाच आहार आणि तो पण हाताच्या ओंजळीत. आई तिच्यासमोर वाकून वंदामि माताजी म्हणते. धाकट्या बहिणीला. माताजी पिंछी उचलून आशीर्वाद देतात, जितका शेजारच्या अनोळखी बाईला देतात तितकाच, चिमूटभर जास्त नाही. हेच बरोबर आहे, ह्यालाच वैराग्य म्हणतात, हे आईला कळतं. मला पण कळतं. कळून काय.

एकदा चातुर्मासात आईनं तिच्यासाठी चौका लावला होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, साधूंच्या आहारासाठी सगळं शुद्ध, सोवळ्यात, विहिरीचं गाळलेलं पाणी, घरी दळलेलं पीठ, आणि मग दारात कलश-नारळ घेऊन उभं राहायचं आणि त्यांना पडगाहायचं, अत्र अत्र, तिष्ठ तिष्ठ. पण साधू मनात एक विधी घेऊन निघतात, की अमुक दिसलं तरच थांबायचं, नाहीतर पुढं. कुणाला सांगत नाहीत काय घेतलंय ते. आई पहाटे तीनपासून राबलेली. माताजी रस्त्यानं आल्या, आईच्या दारासमोर आल्या, आईनं तिष्ठ तिष्ठ म्हटलं, आणि माताजी पुढं गेल्या. दोन घरं सोडून थांबल्या. सोवळ्यातल्या माणसाला दुसऱ्याच्या चौक्यात जाऊन एखादा घास देता येतो, सगळे म्हणाले जा की, आई गेली नाही. मुगाचं धिरडं केलं होतं. मावशीला लहानपणी आवडायचं ते.

तर गुहेतलं ते वाक्य ह्या सगळ्यातनं आलेलं, असं मला वाटतं. आईला विचारलं असतं तर म्हणाली असती, मी कधी म्हटलं असं.

मांगीची परिक्रमा आईनं चालत केली, डोलीवाले खाली थांबले. कड्याच्या पोटात एकापुढं एक कोरलेल्या मूर्ती, काहींचे चेहरे वाऱ्यापावसानं इतके झिजलेत की नुसता मूर्तीचा आकार शिल्लक आहे, आणि आई त्यांना बोटांनी चाचपून बघत होती. गुहांमधे वटवाघळांचा वास आणि त्यावर चंदनाचा, दोन्ही एकदम. मग खाली उतरून परत तुंगीकडं. तुंगी उंचीला मांगीपेक्षा काही फारशी जास्त नाही, मांगी ४,३४३ फूट आणि तुंगी ४,३६६ फूट, म्हणजे तेवीस फुटांचा फरक, पण ते तेवीस फूट चांगलेच जाणवतात. सुळक्याला वळसा घालणारी वाट, एका बाजूला कातळ आणि दुसऱ्या बाजूला काही नाही. चंद्रप्रभूंची गुहा, रामचंद्रांची गुहा, हनुमान आणि नील वगैरे मुनींच्या रूपात. हनुमानाला शेपूट नाही, गदा नाही, शांत डोळे मिटलेला. माझ्या पुढं चढत असलेली कॉलेजची बिगरजैन पोरं ट्रेकला आलेली होती, त्यातला एक म्हणाला, अरे हा हनुमान आहे? आणि लगेच बूट नीट बाजूला सारून पाया पडला. मला आवडलं ते.

तिथनं साल्हेर दिसतो, मुल्हेर दिसतो, ऊन वर आलं की सगळे किल्ले एकेक करून धुक्यातनं बाहेर येतात. आणि मांगीच्या अंगाला, कड्यातच कोरलेली ती १०८ फुटांची ऋषभदेवांची, म्हणजे पहिल्या तीर्थंकरांची, आदिनाथांची मूर्ती. २०१६ च्या फेब्रुवारीत पंचकल्याणक, म्हणजे मूर्तीची प्रतिष्ठा, झालं तेव्हा टीव्हीवर आम्ही बघितलेलं. तिथवर गाडी जाते, त्यामुळं ज्यांना पायऱ्या जमत नाहीत ते तेवढं दर्शन घेऊन जातात, आणि हल्ली बरेच जण तेवढंच घेतात. माझं त्या मूर्तीबद्दल नक्की मत काय हे मला अजून ठरवता येत नाही. एवढा डोंगर कोरायचा, एवढी यंत्रं लावायची, जगातली सगळ्यात उंच जैन मूर्ती म्हणून गिनीज बुकात नाव घालायचं, आणि हे कुणासाठी तर अंगावरचं सूत सुद्धा सोडून दिलेल्या माणसासाठी. असं मनात येतं आणि मग मूर्तीच्या पायाशी उभं राहिल्यावर मान आपोआप मागं जाते आणि तो युक्तिवाद घशातच राहतो. आईला असले प्रश्न पडत नाहीत. तिला त्यातलं एकच महत्त्वाचं वाटलं, की ह्यामागं एक आर्यिका होती. गणिनी ज्ञानमती माताजींनी १९९६ मधे ही मूर्ती मनावर घेतली आणि वीस वर्षं धरून ठेवली. घर सोडलेली बाई. "बघ, घर सोडलं पण काम सोडलं नाही," आई म्हणाली, आणि मग जरा वेळानं, "हिला हजार माणसांना कामाला लावता आलं, हिशेब मागता आले, रागावता आलं असेल. बरं असतं."

ह्या माताजींची दीक्षा १९५६ ची, वीरसागर महाराजांकडनं, आणि वीरसागर महाराज म्हणजे शांतिसागर महाराजांचे शिष्य, म्हणजे धागा परत आमच्या भोजगावाला येतो. शांतिसागर महाराजांनी १९५५ ला कुंथलगिरीवर सल्लेखना, म्हणजे अन्नपाणी सोडून देह ठेवायचं व्रत, घेतली, छत्तीस दिवस. त्यातला शेवटचा उपदेश रेकॉर्ड केलेला आहे, मराठीत, आणि आमच्या बस्तीत पुण्यतिथीला लावायचे. लहानपणी मला तो आवाज ऐकायला भीती वाटायची, इतक्या दिवसांच्या उपवासानंतरचा माणूस आपल्या आज्जी-आजोबांसारखं बोलतोय म्हणून. पण आई त्यांच्याबद्दल दुसरंच सांगते. त्यांना दीक्षा तरुणपणीच घ्यायची होती, पण आईबाप असेपर्यंत ते घरी राहिले. शेतात राखणीला बसायचे आणि पाखरांना हाकलायचे नाहीत. आईबाप गेल्यावर, चाळिशी उलटून गेल्यावर, निघाले. हे तिनं मला उतरताना सांगितलं, डोलीत बसून, बांबूच्या त्या करकरीत, आणि माहीत असलेलंच सांगितलं, मला आणि तिला दोघींना पाठ असलेलं. उतरताना डोली जास्त हलते. म्हातारा आता मागं होता, पुढं तरुण पोरगा, आणि आई त्याला म्हणत होती, हळू जा, मला घाई नाही.

खाली आल्यावर ठरलेल्या पैशांवर तिनं प्रत्येकाच्या हातात वेगळे पैसे ठेवले, आणि म्हाताऱ्याला त्याच्या खांद्याच्या गाठीवर एरंडेल तेल गरम करून लाव म्हणून सांगितलं. तो हो म्हणाला. लावणार नाही हे दोघांनाही माहीत होतं.

परतीच्या रस्त्यावर सटाण्याच्या बाहेर एका टपरीवर चहा घेताना तिनं मला मोबाईल काढायला लावला. पुढचा चातुर्मास मावशीच्या संघाचा बेळगावकडं कुठंतरी ठरतोय अशी बातमी होती, ती खरी आहे का हे मामेभावाला विचार म्हणाली. खरी होती. मग गावात राहायला खोली मिळेल का. मिळेल. मग विहीर आहे का, बोअरचं चालत नाही. विहीर आहे, पण जरा लांब आहे, तो म्हणाला, आणि आत्याला एवढं सगळं होणार आहे का ह्या वयात, गुडघ्यांचं बघा. मी फोन स्पीकरवर ठेवलेला, आईनं ते ऐकलं. चहाचा कप खाली ठेवून ती याद्या करायला लागली, जातं इथनंच न्यायचं, तूप घरचं, मूग आपल्या रानातले, सोवळ्याच्या दोन साड्या वेगळ्या.

"आणि त्यांचा विधीच नाही जुळला तर?" मी म्हटलं. "पुढं निघून गेल्या तर?"

"जाऊ दे की. दुसऱ्या दिवशी परत उभी राहीन. चार महिने असतो चातुर्मास."